लेन्स ते नमुना: नॅनो-रिझोल्यूशनचा एक्स-रे मायक्रोस्कोप स्थिर कसा बांधायचा

२०१७ साली स्वित्झर्लंडमधल्या पॉल शेरर इन्स्टिट्यूटच्या गटाने इंटेलच्या २२ नॅनोमीटर तंत्रज्ञानाच्या प्रोसेसरमधून काही मायक्रॉनचा खांब कापून घेतला आणि त्याचं त्रिमितीय चित्र १४.६ नॅनोमीटर रिझोल्यूशनने काढलं. २०२४ मध्ये त्याच संस्थेतून ४ नॅनोमीटरचा आकडा आला. दोन्ही वेळा वापरलेल्या लेन्सचे सर्वांत बारीक झोन (लेन्सवरची एकात एक वर्तुळाकार वलयं) या आकड्यांपेक्षा कितीतरी रुंद होते. म्हणजे लेन्सच्या मर्यादेपलीकडचं काम गणिताने केलं, आणि त्या गणिताला खरा आधार मिळाला तो नमुना नेमका कुठे आहे हे काही नॅनोमीटरच्या आत ठाऊक असल्यामुळे. हा लेख त्या दुसऱ्या भागाबद्दल आहे. लेन्स विकत मिळते. लेन्स आणि नमुना यांच्यामधली धातूची साखळी मात्र तुम्हालाच बांधावी लागते.

ठाणे-बेलापूर पट्ट्यात वायरकट आहे, चांगलं ग्राइंडिंग आहे, सरफेस प्लेट ठेवलेली वातानुकूलित मेट्रोलॉजी रूम असलेली दुकानंही आहेत. रबाळे-महापेच्या एखाद्या शॉपने किंवा वागळे इस्टेटमधल्या डिझाइन ऑफिसने हे काम अंगावर घ्यायला हरकत नाही. अख्खा मायक्रोस्कोप नको. लेन्स, नमुना, फिरती स्टेज (नमुना फिरवणारी बैठक) आणि मोजमाप एवढा गाभा बांधा. तो पुढे इंदूरच्या आरआरकॅट या संशोधन केंद्रातल्या इंडस-२ सारख्या सिंक्रोट्रॉनवर (वेगवान इलेक्ट्रॉनांपासून तीव्र एक्स-रे देणाऱ्या यंत्रावर) जाईल किंवा एखाद्या प्रयोगशाळेतल्या एक्स-रे नळीसमोर बसेल.

आधी आकडे, मग कॅड

शेवटपर्यंत एकच उदाहरण धरू. एक्स-रेची ऊर्जा ८.०५ केईव्ही (हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट), म्हणजे तांब्याच्या अॅनोडची के-अल्फा रेषा. नमुन्याचा व्यास १० मायक्रॉन. रिझोल्यूशन त्रिमितीत ३० नॅनोमीटर.

तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये काढायची तर १.२४ ला केईव्हीने भागायचं: ०.१५४ नॅनोमीटर. लेन्स म्हणून फ्रेनेल झोन प्लेट. तिचं रिझोल्यूशन शेवटच्या झोनच्या रुंदीच्या १.२२ पट असतं. शेवटचा झोन २५ नॅनोमीटरचा घेतला की उत्तर ३०.५. फोकल लांबी म्हणजे व्यास गुणिले शेवटच्या झोनची रुंदी भागिले तरंगलांबी. १०० मायक्रॉन व्यासाला ती १६.२ मिलिमीटर येते. फोकसची खोली मागेपुढे प्रत्येकी ८ मायक्रॉन, म्हणजे १० मायक्रॉनचा नमुना आरामात मावतो. रिझोल्यूशन निम्मं केलं तर ही खोली चौथाई होते आणि हाच नमुना फोकसबाहेर जातो. ग्राहक ‘थोडं आणखी बारीक दिसेल का’ असं विचारतो तेव्हा हे गणित त्याच्यासमोर ठेवा.

इथे एक खाच आहे. या लेन्समध्ये झोनची संख्या १००० होते (व्यास भागिले शेवटच्या झोनची चौपट रुंदी). जितके झोन, साधारण तितक्या पटीत किरण एकरंगी हवेत, म्हणजे इथे हजारात एक. सिंक्रोट्रॉनवर सिलिकॉनचा मोनोक्रोमेटर हे सहज देतो. एक्स-रे नळीत मात्र के-अल्फाच्या दोन रेषा २० इलेक्ट्रॉनव्होल्टच्या अंतरावर असतात, म्हणजे चारशेत एक. नळीवर काम करायचं असेल तर व्यास ४० मायक्रॉनवर आणा. झोन ४०० होतील, पण फोकल लांबी ६.५ मिलिमीटर उरेल. एवढ्याशा फटीत नमुन्याची पिन, होल्डर आणि फिरताना लागणारी मोकळी जागा बसवायची आहे. स्रोत कोणता हा प्रश्न मेकॅनिकल डिझाइनरने पहिल्याच बैठकीत विचारायचा तो याचसाठी.

आता फोटो किती? तिन्ही मितींत सारखं रिझोल्यूशन हवं असेल तर १८० अंशांत लागणारे प्रोजेक्शन (वेगवेगळ्या कोनांतून घेतलेले फोटो) म्हणजे पाय (π) गुणिले व्यास भागिले रिझोल्यूशन: सुमारे १०५०. एका फोटोला एक मिनिट धरलं तरी साडेसतरा तास झाले. नळीवर एक मिनिट पुरेलच असं नाही. म्हणजे तुमचं यंत्र एक अख्खी रात्र आणि बहुतेकदा दुसऱ्या दिवसाची दुपारही जागेवर राहायला हवं.

कोणती हालचाल माफ आणि कोणती नाही

‘सगळं नॅनोमीटरमध्ये स्थिर’ असं लिहिलेलं स्पेसिफिकेशन निरुपयोगी असतं. हालचालीचे तीन गट करा आणि प्रत्येकाला वेगळा आकडा द्या.

एका एक्स्पोजरच्या आत होणारा कंप हा पहिला गट. त्यामुळे चित्र पुसट होतं आणि नंतर कोणतंही सॉफ्टवेअर ते परत आणत नाही. ३० नॅनोमीटरच्या चित्रात ५ नॅनोमीटर आरएमएस (वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) कंप मिसळला तर रुंदी सुमारे ३२ होते. एवढं चालेल. १० झाला तर ३८, आणि मग महागडी लेन्स घेतल्याचा उपयोग काय? त्या ५ ची वाटणी अशी करता येते: रचनेचा कंप ३, कंट्रोलरचा गोंगाट २, एक्स्पोजरच्या आतली सरक ३. वर्ग करून बेरीज, मग वर्गमूळ: ४.७.

दुसरा गट एका फोटोपासून दुसऱ्या फोटोपर्यंतच्या सरकण्याचा. पूर्ण क्षेत्र एकदम टिपणाऱ्या मायक्रोस्कोपमध्ये ही सरक नंतर फोटो एकमेकांशी जुळवून काढता येते. मिनिटाला ३ नॅनोमीटर म्हणजे तासाला १८० नॅनोमीटर सरकलं तरी चालतं. बरीच सैल अट आहे ही.

स्कॅन करणाऱ्या यंत्रात आणि टायकोग्राफीत चित्र बिंदूबिंदूने गोळा होतं. टायकोग्राफीत किरणाचा ठिपका एकमेकांवर चढत जाईल असा नमुन्यावरून फिरवतात आणि प्रत्येक जागी मिळालेल्या विवर्तन आकृत्यांवरून गणिताने चित्र उभं करतात. एका स्कॅनला वीस मिनिटं लागली तर तीच ३ नॅनोमीटरची अट तासाला ९ वर येते. वीसपट कडक. म्हणून पद्धत ठरल्याशिवाय मटेरियल मागवू नका.

तिसरा गट तासातासांचा आणि दिवसाचा, आणि तो जवळजवळ पूर्णपणे तापमान आणि हवेच्या दाबाच्या हातात असतो.

साखळी आखडा

कागदावर लेन्सपासून पेन्सिल टेकवा आणि धातू न सोडता नमुन्यापर्यंत जा: लेन्स, होल्डर, लेन्सच्या स्टेज, बेस, नमुन्याच्या स्टेज, रोटेशन, पिन, डिंक, नमुना. ही तुमची साखळी. या साखळीबाहेरच्या गोष्टींबद्दल बऱ्यापैकी निवांत राहता येतं. पूर्ण क्षेत्राच्या यंत्रात डिटेक्टर १.६ मीटर मागे असेल तर मोठेपणा शंभरपट असतो. डिटेक्टरचा स्टँड एक मायक्रॉन हलला तरी नमुन्यापाशी ते १० नॅनोमीटरच. कंडेन्सर (नमुन्यावर किरण एकवटणारा भाग) हलला तर उजेड बदलतो, चित्र सरकत नाही. बजेट कमी असेल तर डिटेक्टरच्या स्टँडवर वाचवा, साखळीवर वाचवू नका.

साखळी लहान ठेवायची म्हणजे स्टेजवर स्टेज चढवायच्या नाहीत. बाजारातल्या स्टेज घेऊन एक्सवर वाय, वायवर झेड, वर रोटेशन, वर पुन्हा एक्स-वाय असा डोलारा उभा करणं सोपं जातं. कॅटलॉगमध्ये भोकांची मापंही जुळतात. पण प्रत्येक मजल्याची लवचिकता खालच्यात मिसळते आणि वरचा टोकाचा भाग झाडाच्या शेंड्यासारखा डुलतो. जी हालचाल खरोखर नमुन्यालाच हवी (रोटेशन आणि त्याच्या वरचं सेंटरिंग) तेवढीच नमुन्याखाली ठेवा. बारीक स्कॅन लेन्सला करू द्या; ती काही ग्रॅमची असते, त्यामुळे वेगाने हलवली तरी धक्का कमी बसतो. अमेरिकेतल्या आर्गोन प्रयोगशाळेच्या व्हेलोसिप्रोब या यंत्रात हाच मार्ग घेतला आहे: स्कॅन झोन प्लेटचं, आणि जड ग्रॅनाइटच्या स्टेज हवेच्या बेअरिंगवर उचलून जागेवर आणायच्या.

ताठपणा मोजायची माझी आवडती कसोटी अगदी साधी आहे. रचना स्वतःच्या वजनाने किती वाकते ते बघा. वाकणं मिलिमीटरमध्ये घेऊन १५.८ ला त्याच्या वर्गमुळाने भागलं की नैसर्गिक कंपनसंख्या हर्ट्झमध्ये मिळते. १० मायक्रॉन वाकणारा ब्रॅकेट १५८ हर्ट्झवर थरथरतो, १ मायक्रॉन वाकणारा ५०० वर. एफईएमध्ये (रचनेच्या संगणकी गणितात) कंपनसंख्या काढणाऱ्या मोडल अॅनॅलिसिसच्या आधी स्टॅटिक रन करून हा आकडा काढा. तिथेच नापास होणारी डिझाइन निम्म्याहून जास्त असतात.

ताठपणा एवढा मोलाचा का? तळ हलतो तेव्हा लेन्स आणि नमुना दोन्ही हलतात. आपल्याला त्यांच्यातला फरक नको आहे. तळाचा कंप रचनेच्या नैसर्गिक कंपनसंख्येपेक्षा खूप हळू असेल तर हा फरक दोन कंपनसंख्यांच्या गुणोत्तराच्या वर्गाने कमी होतो. जमीन १० हर्ट्झवर ५० नॅनोमीटर हलते आहे आणि साखळी २०० हर्ट्झची आहे, तर फरक ५० भागिले ४००, म्हणजे ०.१३ नॅनोमीटर. साखळी ५० हर्ट्झची असती तर २ नॅनोमीटर, आणि वाटणीतले ३ पैकी २ एका फटक्यात गेले असते.

जागा

वरचे ५० नॅनोमीटर हवेतून आणलेले नाहीत. कंपाच्या प्रचलित वर्गवारीत व्हीसी-ई ही कडक पातळी सेकंदाला सुमारे ३ मायक्रोमीटर वेगाची आहे. १० हर्ट्झला त्याचं विस्थापन तेवढं येतं. नवी मुंबईत अशी जागा मिळते का? कुठे उभं आहात त्यावर आहे. खाडीकडचा भाग भरावाचा आणि मऊ सागरी चिकणमातीचा, पारसिकच्या डोंगराकडे सरकलं की बेसाल्ट वर येतो. त्यात ठाणे-वाशी लोकल आणि रस्त्यावरचे कंटेनर. आयटी पार्कच्या सातव्या मजल्यावर कितीही देखणी लॅब मिळत असली तरी घेऊ नका. तळमजला, जमिनीवर टेकलेला स्लॅब आणि शक्यतो इमारतीच्या स्लॅबपासून सांधा तोडून वेगळा ओतलेला पाया हवा.

जागा पक्की करण्याआधी जमिनीवर संवेदनशील अॅक्सेलरोमीटर किंवा जिओफोन ठेवून सलग चोवीस तास नोंद घ्या, आणि ती कामाच्या दिवशी घ्या. आठवडी सुट्टीच्या दिवशीची नोंद सुंदर येते आणि फसवते. स्पेक्ट्रमवर पहिल्यांदा २४ ते २५ हर्ट्झ आणि ४८ ते ५० हर्ट्झ पाहा. आपल्याकडे ५० हर्ट्झची वीज असल्याने चार पोलची इंडक्शन मोटर २४-२५ च्या आसपास फिरते आणि दोन पोलची ४८-५० च्या आसपास. तिथे टोक दिसलं की शेजारच्या गाळ्यातला कॉम्प्रेसर, छतावरचा कूलिंग टॉवर किंवा चिलरचा पंप शोधायला निघा. १०० हर्ट्झला टोक म्हणजे बहुतेक ट्रान्सफॉर्मर. असा स्रोत सापडला तर त्याच्याखाली रबर माउंट घालणं तुमच्या यंत्राखाली काहीही घालण्यापेक्षा स्वस्त पडतं. शेजाऱ्याशी संबंध चांगले हवेत, एवढंच.

एअर टेबल घेऊ की नको? माझं मत सहसा नको असं आहे. ते १ ते ३ हर्ट्झला स्वतःच डोलतं आणि किरणाच्या तुलनेत आपली जागा सोडतं. जड ग्रॅनाइट, ताठ पाय आणि ताठ साखळी यांवर भर द्या. दीड मीटर बाय एक मीटर बाय साठ सेंटिमीटरचा ठोकळा अडीच टनांच्या घरात जातो. दाराची रुंदी आणि हायड्रा क्रेन आतपर्यंत येते का हे आधी बघून ठेवा.

तापमान

साखळीची लांबी ६० मिलिमीटर धरू. एक अंश सेल्सिअसला अॅल्युमिनिअमची साखळी सुमारे १४०० नॅनोमीटर वाढते, स्टेनलेस स्टीलची १०००, इन्व्हारची ७०. तासाला ९ नॅनोमीटरची अट पाळायची तर स्टीलला तासाला एका अंशाच्या शंभराव्या भागाइतकं स्थिर तापमान हवं, इन्व्हारला आठव्या भागाइतकं. पहिलं आपल्याकडच्या कोणत्याही सामान्य खोलीत अशक्य आहे, दुसरं मेहनतीने जमतं.

इन्व्हार म्हणजे लोखंडात ३६ टक्के निकेल. १८९६ मध्ये शार्ल एदुआर गियोम यांनी ते शोधलं आणि १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं. मशीन करायला चिवट, महाग, आणि खाडीच्या हवेत गंजणारं. म्हणून सगळं इन्व्हारचं करू नका. साखळीचे मुख्य दोन पाय इन्व्हारचे, त्यांवर निकेल प्लेटिंग, आणि मशीनिंगनंतर स्ट्रेस रिलीव्ह न चुकता. बाकी ठिकाणी सममितीचा फायदा घ्या: लेन्सचा खांब आणि नमुन्याचा खांब एकाच धातूचे, एकाच उंचीचे, एकाच बेसवर. दोन्ही सारखेच वाढले की उंचीचा फरक शून्याजवळ राहतो. दोघांची जाडी वेगळी असेल तर मात्र एक लवकर तापतो, दुसरा उशिरा, आणि मधल्या तासांत फरक दिसतो.

आता खोली. साधा स्प्लिट एसी चालू-बंद होत अंशभराची करवतीसारखी रेघ काढतो, साधारण पंधरा मिनिटांच्या चक्राची. मायक्रोस्कोपभोवती इन्सुलेशन घातलेली पेटी बांधली आणि आतल्या ग्रॅनाइट-धातूचा तापायला लागणारा काळ सहा तास असला तर हे चक्र दीडशेपट दबतं. एक अंशाचं ०.००७ होतं. पण चोवीस तासांचं दिवस-रात्रीचं चक्र त्याच पेटीत जेमतेम निम्मं होतं. खरा शत्रू तोच. संध्याकाळी सात वाजता सुरक्षारक्षक मजल्याचा एसी बंद करतो अशी इमारत असेल तर पेटीवर कितीही खर्च करा, रात्रीच्या स्कॅनमध्ये तो बंद झालेला दिसणारच. या खोलीचा एसी स्वतंत्र लाइनवर, जनरेटरच्या पाठबळासह, वर्षभर चालू. पेटीच्या आतल्या भिंतीवर हलका हीटर आणि थर्मिस्टरचा लूप घाला, आणि आतलं तापमान खोलीपेक्षा एक-दोन अंश वर धरा. फक्त गरम करून नियंत्रण करणं थंड करण्यापेक्षा खूप सोपं असतं.

परदेशी मॅन्युअलमध्ये २० अंश लिहिलेलं असतं. आपल्या पावसाळ्यात बाहेरच्या हवेचा दवबिंदू २४-२५ अंशांपर्यंत जातो. २० अंशांवर ठेवलेल्या धातूवर दार उघडताच पाणी बसतं. खोली २४ वर, पेटी २५-२६ वर, आणि वर्षभर डीह्युमिडिफायर हे आपल्याकडे शहाणपणाचं. मात्र ज्या तापमानाला यंत्र चालणार त्याच तापमानाला ते जुळवा आणि मोजा.

पेटीच्या आत उष्णता देणारं काहीही नको. स्टेपर मोटर जागेवर उभी असतानाही होल्डिंग करंट घेते आणि काही वॅट उधळते. हालचाल संपली की करंट शून्य होईल असा ड्रायव्हर आणि त्याला साजेसा स्क्रू (जो करंट नसतानाही मागे फिरत नाही) निवडा. पिझोचे (व्होल्टेज दिलं की नॅनोमीटरमध्ये लांबणाऱ्या स्फटिकाचे) अॅम्प्लिफायर, एन्कोडरची (स्टेजची जागा वाचणाऱ्या सेन्सरची) इलेक्ट्रॉनिक्स, कॅमेऱ्याचा पंखा, सगळं बाहेर. केबल आत येतात त्या जागी त्यांना एकदा ग्रॅनाइटला बांधून मग सैल वळण द्या. ताणलेली केबल उष्णताही आणते आणि कंपही.

फ्लेक्शर आणि शॉपमधलं काम

बारीक हालचालीला घर्षण नको, म्हणून फ्लेक्शर. एका अखंड ठोकळ्यातून वायरकटने बिजागऱ्या कापायच्या, जाडी साधारण ०.३ ते ०.५ मिलिमीटर. मटेरियल ७०७५-टी६ अॅल्युमिनिअम किंवा टायटॅनियम. ताठपणा जाडीच्या घनाच्या आसपास बदलतो, त्यामुळे बिजागरीत ०.०३ मिलिमीटरची चूक म्हणजे ताठपणात वीस-तीस टक्क्यांचा फरक. ड्रॉइंगवर टॉलरन्स फक्त तिथे कडक द्या, सगळीकडे देऊन ऑपरेटरला वैतागवू नका. रफ कटनंतर ठोकळा सोडून एक दिवस ठेवा, मग दोन स्किम कट. शेवटचा हलका, म्हणजे वितळून चिकटलेला थर पातळ राहतो. तिथूनच पुढे तडे सुरू होतात.

जोडणीत बोल्टखाली तीनच टेकू ठेवा, सपाट पृष्ठभागावर सपाट पृष्ठभाग घट्ट आवळू नका. आवळलेले सांधे आठवडाभर हळूहळू सैलावत राहतात. टॉर्क लिहून ठेवा, आणि जोडल्यावर काही वेळा गरम-थंड करून मगच मोजमाप सुरू करा.

रोटेशन

त्रिमितीचा जीव इथे आहे. चांगल्या एअर बेअरिंगचं अक्षही दहा-वीस नॅनोमीटर इकडेतिकडे जातं, आणि अक्षाचा झोल १ मायक्रोरेडियन असला तर नमुना बेअरिंगपासून ५० मिलिमीटर उंच ठेवल्याने ५० नॅनोमीटर वाढतात. हीच अॅबची चूक. नमुना शक्य तितका खाली आणि मोजमापाची रेषा नमुन्याच्याच उंचीवर, हा एकमेव इलाज.

नुसत्या बेअरिंगवर विसंबू नका. नमुन्याच्या पिनभोवती घासून चमकवलेली गोल रिंग किंवा गोळा बसवा आणि इंटरफेरोमीटरने (लेझरने अंतर मोजणाऱ्या उपकरणाने) त्याकडे पाहत फिरवा. पण रिंगही पूर्ण गोल नसते. रिंगची चूक आणि अक्षाची चूक वेगळी करण्यासाठी डोनाल्डसनची उलटवण्याची पद्धत वापरा: एकदा मोजा, रिंग आणि सेन्सर दोन्ही १८० अंश फिरवून परत मोजा, बेरीज-वजाबाकीत दोन्ही सुटतात. रिंगचा नकाशा एकदा मिळाला की कंट्रोलरमध्ये टाकून ठेवा.

इंटरफेरोमीटर कुठे रोखायचा

सेन्सर स्टेजमध्ये बसवलेला असेल तर तो स्टेजची जागा सांगतो, नमुन्याची नाही. लेझरची एक बाजू लेन्सच्या होल्डरवर आणि दुसरी नमुन्याजवळच्या आरशावर, आणि आपल्याला हवा तो फक्त फरक. पॉल शेररच्या ओम्नी या यंत्रात हेच तत्त्व आहे: झोन प्लेटच्या तुलनेत नमुना कुठे आहे ते लेझरने सतत मोजायचं.

हवेचा अपवर्तनांक अंशाला जवळपास दहा लाखांत एक आणि दाबाच्या प्रत्येक हेक्टोपास्कलला दहा लाखांत ०.२७ ने बदलतो. कोकणपट्टीत रोज सकाळी दहाच्या सुमारास दाब चढतो आणि दुपारी चारच्या सुमारास उतरतो, फरक साधारण ३ हेक्टोपास्कलचा. दोन लेझर वाटांमध्ये ५० मिलिमीटरचा फरक असेल तर एवढ्यानेच ४० नॅनोमीटर ‘सरक’ दिसेल, आणि ती नमुन्याची नसेल. दोन्ही वाटा ५ मिलिमीटरच्या आत सारख्या करा, ती ४ वर येते. पेटी हेलियमने भरली तर परिणाम आठपट कमी होतो आणि एक्स-रेही कमी शोषले जातात. हेलियम महाग आहे. आधी वाटा सारख्या करा, मग गरज उरते का ते पाहा.

इंटरफेरोमीटरच्या मापावरून पिझो चालवण्याचा बंद लूप लावताना एक मर्यादा लक्षात ठेवा. लूपचा वेग पहिल्या नैसर्गिक कंपनसंख्येच्या काही अंशापर्यंतच नेता येतो, त्यापुढे यंत्र शिट्टी घालतं. मऊ रचना हुशार कंट्रोलरने सुधारत नाही.

एक्स-रेशिवाय चाचणी

बीमटाइम (सिंक्रोट्रॉनवर किरण वापरायची वेळ) मागण्याआधी शॉपमध्येच या गोष्टी सिद्ध करा. लेन्स आणि नमुन्याच्या जागी त्याच वजनाचे आरसे लावा. छोट्या हातोडीने प्रत्येक भागावर टकटक करून अॅक्सेलरोमीटरने कंपनसंख्या काढा आणि गणितातल्या आकड्याशी लावा. मोजलेला आकडा बराच खाली आला तर एखादा सांधा सैल आहे. मग सगळं थांबवून लेन्स-नमुना फरकाची नोंद सलग चोवीस तास घ्या. तिचा स्पेक्ट्रम काढून वरच्या कंपनसंख्येकडून खाली बेरीज करत या: आरएमएस कुठल्या टप्प्यावर उडी मारतो ते दिसतं, आणि कोणता भाग आधी दुरुस्त करायचा हे आपोआप ठरतं. तापमान आणि दाब याच नोंदीत हवेत. शेवटी खराखुरा कार्यक्रम चालवा: १०५० कोन, प्रत्येक कोनावर थांबणं, सगळं काही, फक्त किरण नाही.

किरण आल्यावर

नमुना सहसा फोकस्ड आयन बीमने कोरलेला खांब असतो, पिनच्या टोकावर चिकटवलेला. डिंक साखळीतली सर्वांत मऊ कडी. इपॉक्सीचा अगदी पातळ थर, रात्रभर पूर्ण सेट होऊ द्या. घाईत लावलेला डिंक किरणाखाली हळूहळू सरकत राहतो आणि दोष बेअरिंगवर जातो.

पहिला फोटो सीमेन्स स्टारचा (मध्याकडे बारीक होत जाणाऱ्या आऱ्यांच्या चाचणी नमुन्याचा). तो दोन वेगवेगळ्या दिशांनी पुसट आहे का पाहा. एकाच दिशेत पुसट म्हणजे कंप, सगळीकडे पुसट म्हणजे फोकस. टोमोग्राफी (सगळ्या कोनांचे फोटो) संपल्यावर शून्य अंशाचा फोटो पुन्हा घ्या. पहिल्याशी जुळवल्यावर सरक किती झाली ते कळतं, आणि जुळवूनही वेगळा दिसला तर किरणांनी नमुनाच बदलला आहे. जैविक नमुन्यांत हे हमखास होतं. खारघरच्या अॅक्ट्रेकसारख्या कर्करोग संशोधन केंद्रातल्या पेशींवर काम करायचं तर नमुना गोठवूनच ठेवावा लागेल, आणि क्रायो स्टेज हा वेगळाच प्रकल्प आहे. रिझोल्यूशन सांगताना डोळ्याने दिसलेली सर्वांत बारीक रेघ सांगू नका. प्रोजेक्शन दोन निम्म्यांत वाटा, दोन स्वतंत्र त्रिमितीय चित्रं तयार करा आणि फोरिअर शेल कोरिलेशन काढा, म्हणजे ती दोन चित्रं किती बारकाव्यापर्यंत एकमेकांशी जुळतात ते मोजा.

नळी वापरत असाल तर एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) ई-लोरा या ऑनलाइन प्रणालीवरची नोंदणी आणि परवानगी यंत्र चालू करण्याआधी. इंटरलॉक दाराच्या स्विचवर दुहेरी हवा. शिल्डिंग ८ केईव्हीच्या हिशेबाने करू नका. ४० किलोव्होल्टवर चालणारी नळी ४० केईव्हीपर्यंतचे फोटॉन देते, आणि १ मिलिमीटर लोखंडातून ४० केईव्हीचे पाच-सहा टक्के पार जातात. शिसं घाला, सर्व्हे मीटरने सांधे तपासा.

इंदूरला पाठवताना

इंडस-२ साठी माल जायचा असेल तर कसारा घाट, नाशिक, धुळे असा रस्ता. प्रत्येक फ्लेक्शरला वाहतुकीसाठीचा लॉक डिझाइनमध्येच ठेवा, लाल रंगाचा, क्रमांक घातलेला, आणि काढलेल्या लॉकची यादी पेटीच्या झाकणावर चिकटवा. एअर बेअरिंग हवेशिवाय फिरवलं की पृष्ठभाग खरवडतो, त्यामुळे त्याची फिरण्याची वाट यांत्रिकरीत्या बंद करा. ग्रॅनाइट आणि गाभा वेगळ्या पेट्यांत, गाभ्याच्या पेटीत सिलिका जेल आणि धक्क्यांची नोंद ठेवणारा लॉगर. पोचल्यावर पेटी लगेच उघडू नका. एक दिवस खोलीत तशीच राहू द्या, मग टकटक चाचणी पुन्हा करा आणि शॉपमधल्या आकड्यांशी लावा. एखादी कंपनसंख्या पाच टक्क्यांहून खाली आली असेल तर त्या भागाचे बोल्ट लिहून ठेवलेल्या टॉर्कला तपासा, त्यानंतरच आरसे काढून लेन्स बसवा.